लख्ख तलवार, सैल मूठ

परभणीहून मानवत रोडकडे निघालेली पॅसेंजर पेडगावच्या छोट्या स्टेशनावर थांबते. (बहादूरगडाचे पेडगाव वेगळे. ते श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या काठी.) या पट्ट्यातल्या देशमुख-पाटलांच्या जुन्या वाड्यांत खंडेनवमीला एक काम ठरलेले असते. देवघराच्या वरच्या खुंटीवरची किंवा पेटीतली तलवार खाली उतरते. कोणी ती चिंच-मिठाने घासतो, कोणी लिंबाने, तर कोणी विटकरीच्या भुकटीने. पाते आरशासारखे चमकते, त्यावर हळद-कुंकू वाहतात, झेंडूची फुले ठेवतात. दसरा झाला की तलवार म्यानात जाते. पुढच्या वर्षी काढली तर पाते आधीपेक्षाही जास्त गंजलेले असते आणि मूठ हातात गदागदा हलते.

घरच्यांना हे कोडे वाटते. इतके जपूनही असे का व्हावे? खरे तर गंज वाढतो तो त्या घासण्यामुळे आणि मूठ हलते तीही गंजामुळेच. जुन्या शस्त्राची डागडुजी करायची तर या दोन गोष्टींची उकल आधी व्हायला हवी. पाते तलवारीचे असो की रिव्हॉल्वरची नळी, लोखंडाचा स्वभाव एकच असतो.

एका थेंबाची गोष्ट

लोखंड गंजायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हवेतला प्राणवायू. निव्वळ कोरड्या हवेत ते गंजत नाही. परभणीच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा पाते बहुतेक शांत असते. मृगाच्या पावसानंतर चित्र पालटते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० ते ६५ टक्क्यांपुढे गेली की डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर लोखंडावर बसतो. गंजाला तेवढे पाणी पुरते.

एक मोठा थेंब पात्यावर पडला असे समजा. थेंबाच्या कडेला पाणी उथळ, त्यामुळे तिथे हवेतला प्राणवायू सहज पोहोचतो. मधोमध पाणी खोल, तिथे तो कमी पडतो. या फरकामुळे थेंबाच्या आत एक छोटी बॅटरीच तयार होते. मधल्या भागातले लोखंड विरघळून पाण्यात उतरते, कडेकडे सरकते, तिथे प्राणवायूशी गाठ पडली की तांबूस गंज होऊन बसते. म्हणून थेंब वाळल्यावर पात्यावर लाल कडे उमटते. ते पुसून भिंगाखाली पाहा. कड्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा खड्डा सापडेल. लोखंड गेले ते तिथून, साठले मात्र कडेला. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात ओल धरते आणि तो आणखी खोल जातो.

या पाण्यात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते आणि सगळे झपाट्याने घडते. घामात मीठ असते. म्हणून संग्रहालयातली माणसे जुन्या पात्याला उघड्या हाताने शिवत नाहीत. आता खंडेनवमीची घासपूस आठवा. लिंबा-चिंचेतले आम्ल गंज विरघळवते हे खरे, पण त्यासोबत खालचे चांगले लोखंडही थोडे खाते. मीठ खड्ड्यांत शिरून बसते आणि वरवर पुसून निघत नाही. विटकरीच्या भुकटीने हजारो बारीक ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा ओल धरायला जागा करून देतो. वरून ओले कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्यांचा रस. शेवटी हे सगळे म्यानात बंद! म्यान म्हणजे लाकूड, वर चामडे किंवा मखमल, म्हणजे पावसाळ्यात ओल शोषून घेणारे साहित्य. चामडे कमावताना वापरलेल्या पदार्थांतली आम्लेही त्यात उरलेली असतात. तलवार जपायची तर ती कायम म्यानात ठेवू नये, दोन्ही शेजारी-शेजारी पण वेगळी ठेवावीत. हे ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांना वाईट वाटते. पण म्यान शस्त्र अंगावर बाळगण्यासाठी होते, वर्षानुवर्षे साठवण्यासाठी नव्हते.

लाल गंज, काळा गंज

सगळा गंज शत्रू नसतो. लाल-नारिंगी, भुकटीसारखा, बोटाला लागणारा गंज चालू गंज. त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा टम्म फुगून सुटा होतो, तसा हा थर खालच्या लोखंडापासून सुटतो आणि मधल्या पोकळीत नवी ओल शिरते. काळा, गुळगुळीत, पात्याला घट्ट चिकटलेला थर मात्र निराळा. तो लोखंडाचाच काळा ऑक्साइड, ज्याला मॅग्नेटाइट म्हणतात. तो दाट असतो आणि खालच्या लोखंडाला बऱ्यापैकी राखतो. दीडशे-दोनशे वर्षांत सावकाश जमलेली ही काळसर झाक जुन्या शस्त्राचे वय सांगते आणि त्याचे रक्षणही करते. लख्ख करण्याच्या नादात घासून निघते ती हीच, आणि तिच्यासोबत पात्याचे कवचही जाते.

म्हणून डागडुजीचा पहिला नियम असा: लाल काढायचे, काळे ठेवायचे.

काढायचे कसे? पाते मऊ कापडावर आडवे ठेवा. गंजावर शिलाई मशीनचे तेल लावून दिवसभर तसेच राहू द्या. तेल पापुद्र्याखाली शिरते आणि गंज भुसभुशीत होतो. मग बांबूची चपटी काडी तासून तिने हलकेच खरवडा. बांबू गंजापेक्षा कठीण वाटला तरी पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे पात्यावर ओरखडा पडत नाही. हटून बसलेल्या ठिपक्यांवर पितळी पट्टीची बोथट कड चालते. त्यानंतर अगदी बारीक, चार शून्यांचे स्टील वूल तेलात भिजवून पात्याच्या लांबीच्या दिशेनेच फिरवायचे, गोल गोल नाही. दर पाच-दहा मिनिटांनी पांढऱ्या सुती चिंधीने पुसून पाहायचे. चिंधीवर नारिंगी डाग येतो तोवर काम बाकी आहे. फक्त काळसर-राखाडी डाग येऊ लागला की हात थांबवायचा. हे थांबणेच सर्वांत अवघड असते. आणखी जरा चमकेल असे वाटते, आणि बहुतेक पाती त्या 'आणखी जरा'मध्येच बिघडतात.

सगळे झाल्यावर स्पिरिटने तेल पुसून काढायचे आणि पाते पूर्ण कोरडे करून संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ लावायचे. ते न मिळाल्यास शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात, तोही दर दोन-तीन महिन्यांनी. खोबरेल, करडई, शेंगदाणा यांसारखी खाण्याची तेले नकोत. ती हवेत चिकट होतात, धूळ धरतात, खवट झाली की आम्ल सोडतात.

चौकट: एवढे टाळाच

- ग्राइंडर आणि बफ. चाकाखाली धार तापते. पोलादावर निळी झाक दिसली म्हणजे ते सुमारे ३०० अंशांवर गेले आणि धारेचे पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरले.
- लिंबू, चिंच, मीठ आणि बाथरूम धुण्याचे आम्ल.
- भांडी घासायची तारेची घासणी.
- सैल मुठीत इपॉक्सी ओतणे किंवा वेल्डिंग.
- पूजेनंतर तसेच राहिलेले हळद-कुंकू. पूजा जरूर करा, पण कुंकू मुठीच्या दोऱ्याला किंवा समोरच्या पाटावर वाहा. पात्याला लागलेच तर त्याच संध्याकाळी पुसून तेल लावा.

घासण्यात काय हरवते

पात्याचा पृष्ठभाग म्हणजे त्याचा दाखलाच. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद भागात, कोनासमुद्रमसारख्या गावांत, एके काळी मुशीत वितळवून पोलाद करत. त्याची कीर्ती इतकी की इराणचे व्यापारी ते घ्यायला येत. या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. तिला जौहर म्हणतात. ती वरून काढलेली नसते. पोलाद सावकाश थंड होताना त्यात कर्बयुक्त कठीण कणांच्या रांगा तयार होतात, घडवताना त्या वाकतात आणि क्षारांच्या सौम्य पाण्याने धुतल्यावर कठीण आणि मऊ भाग वेगळ्या रंगांचे दिसू लागतात. पॉलिश पेपर फिरवला की सगळे एकसारखे चकाकते आणि जौहर दिसेनासा होतो. नक्षी आत शिल्लक असते खरी, पण ती पुन्हा वर आणायला जाणकार हात लागतो. हाती असलेले पाते जौहरदार आहे हे मालकाला ठाऊकच नसते, हेच खरे दुखणे.

कोफ्तगिरीचे नुकसान मात्र भरून येत नाही. कोफ्तगिरी म्हणजे लोखंडावर सोन्याची नक्षी. कारागीर आधी लोखंडाच्या पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरून तो खरखरीत करतो आणि त्या खरबरीत जागेवर सोन्याची केसासारखी तार ठोकून बसवतो. सोने त्या रेघांच्या दातांत अडकून राहते. थर इतका पातळ की स्टील वूलचे दोन-चार हात फिरले तरी तो उडतो. खाली गंज धरला तर तो सोन्याला आतून ढकलून सुटे करतो. सोन्याची अक्षरे किंवा वेलबुट्टी दिसली, की घरच्या घरी बांबूची काडीसुद्धा लावू नये.

ही अक्षरे किती मोलाची असतात याचा पुरावा अलीकडचाच आहे. नागपूरकर रघुजी भोसले पहिले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत दाखल झाली. पाते युरोपीय घडणीचे, सरळ, एकधारी. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव, सेनासाहेब सुभा हा किताब आणि फिरंग हा तलवारीचा प्रकार लिहिलेला. अठराव्या शतकानंतर कुणी ती पाठ विटकरीने घासली असती तर आज तलवार कोणाची हे सांगायला पात्याचा आधार उरला नसता.

मूठ हलते का?

खुरप्याची मूठ लाकडी. लोहार खुरप्याचे टोक लालबुंद करून लाकडात घुसवतो, लाकूड जळत जळत त्याला जागा देते आणि आवळून धरते. दख्खनी तलवारीची मूठ मात्र बहुतेक लोखंडी आणि आतून पोकळ. पात्याच्या मागच्या टोकाला एक आखूड, अरुंद जीभ काढलेली असते. ती मुठीच्या पोकळीत जाते. तिला धरून ठेवणारे आत काय असते? बहुतेक वेळा लाख किंवा राळ, आणि ती दरदरीत व्हावी म्हणून तिच्यात मिसळलेला विटेचा चुरा. रणांगणात घाव सोसणारी तलवार लाखेवर उभी होती हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही.

पण ही योजना फार शहाणपणाची आहे. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा स्राव. आपल्या शिवारातला पळसही लाखेचा यजमान. साधारण ६५ ते ७० अंशांना ती मऊ होते, ७५ ते ८० ला वितळते आणि थंड झाली की दगडासारखी बसते. मुठीत गरम लाख भरायची, तापवलेली जीभ तिच्यात खुपसायची, पाते सरळ आहे का ते नजरेने जोखायचे आणि उभे धरून थंड होऊ द्यायचे. पाते मोडले किंवा मूठ बदलायची झाली तर मूठ मंद आचेवर तापवली की पाते सुटून येते. युरोपातून आलेली सरळ पाती इथल्या मुठींत बसवून 'फिरंग' तयार होई ते याच सोयीमुळे. कोल्हापूरहून १८७५-७६ च्या भेटीत प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवारही युरोपीय पात्याची, दख्खनी मुठीची.

मग मूठ सैल का होते? पाते आणि मूठ यांच्या सांध्यातून ओल आत जाते आणि जीभ गंजते. गंज फुगतो, भोवतीची लाख आतून तडकते. जुनी लाख वर्षांमागून वर्षे ठिसूळ झालेली असतेच. एकदा तडा गेला की प्रत्येक हादऱ्याबरोबर जीभ खेळू लागते, चुरा सुटतो आणि मूठ हलवली की आत खुळखुळते.

यावर घरोघरी होणारा इलाज म्हणजे इपॉक्सी. मूठ दहा मिनिटांत घट्ट बसते. त्याने जे होते ते पुढे कळते. इपॉक्सी उष्णतेने सहज सुटत नाही. आत अडकलेली ओल आतच राहते आणि गंज पुढे चालूच राहतो. वीस वर्षांनी कुणी जाणकार ती उघडायला गेला तर त्याला मूठ फोडावी लागते. वेल्डिंगने तर मुठीजवळच्या पोलादाचा गुणच बदलतो. शस्त्राच्या जोडकामात दुसरा नियम म्हणूनच असा: जे कराल ते पुन्हा सोडवता यायला हवे. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख आजही बाजारात मिळते. जाणकार कारागीर जुनी लाख उबेने काढतो, जिभेवरचा लाल गंज साफ करतो आणि नव्या लाखेत विटेचा चुरा मिसळून मूठ बसवतो. निघालेली जुनी लाख तो फेकत नाही, कागदाच्या पुडीत तारीख लिहून ठेवतो. फार जुनी लाख तापवूनही वितळत नाही. तिथे ज्योत धरणे धोक्याचे, कारण तेवढ्या उष्णतेने मुठीवरचे सोने-चांदीचे काम जाते. तेव्हा मूठ थोडी हलू देणे परवडते.

मूठ निवडायची तर

काही घरांत नुसते पाते उरलेले असते. कुठून तरी मूठ आणून बसवू, मग भिंतीवर शोभेल, असे घरच्यांना वाटते. त्याआधी मूठ काय काम करते ते पाहू.

नेहमीच्या वक्र तलवारीच्या मुठीला मागे एक गोल चकती असते. मूठ पकडल्यावर ती मनगटाच्या मुळाशी टेकते आणि मनगट फारसे वाकू देत नाही. घाव मनगटाच्या झटक्याने न निघता खांद्यातून निघावा आणि पाते ओढत कापत जावे यासाठी ही अडवणूक मुद्दाम केलेली. आजच्या माणसाचा पंजा त्या मुठीत दाटतो आणि लोक म्हणतात, जुनी माणसे लहान चणीची होती. पंजा दाटतो त्याचे कारण घडणीतच आहे, हात मुठीत आवळून बसावा अशीच ती केलेली. धोप आणि फिरंग या तलवारींची मूठ याहून वेगळी. पाते लांब आणि सरळ, म्हणून पंजा झाकणारी रुंद कमान, आत बोटांसाठी कापडी गादी आणि चकतीतून मागे निघालेला लोखंडी दांडा. जोरदार घावाला दुसरा हात त्या दांड्यावर येतो. रघुजींच्या तलवारीची मूठ मुल्हेरी घाटाची. मुल्हेर हा बागलाणातला किल्ला, तिथल्या मुठींचे नाव होते.

यावरून पात्याला साजणारी मूठ कशी ओळखायची ते कळते. वक्र पात्याला धोपेची मूठ बसवली तर पात्याचा बाक आणि मुठीचा दांडा एकमेकांविरुद्ध काम करतात. तोलही बिघडतो. बोटावर आडवे धरल्यावर पाते ज्या ठिकाणी समतोल राहते ती जागा मुठीच्या वजनाने पुढेमागे सरकते. हलकी पितळी शोभेची मूठ लावली की पाते हातात पुढे झुकते. माझे मत विचाराल तर मुठीविना पाते मुठीविनाच ठेवावे. जिभेचा आकार, तिच्यावरची जुन्या लाखेची खूण, मुठीच्या कडेचा काळसर ठसा या खुणांवरून अभ्यासकाला मूळ मूठ ओळखता येते. नवी मूठ बसवताना आधी त्याच पुसल्या जातात. जुन्या काळी मुठी बदलत होत्याच, पण त्या लढाईसाठी, आणि त्या बदलाचाही इतिहास पात्यावर उमटलेला आहे.

रिव्हॉल्वरची मूठ

निजामाच्या राज्यातल्या आणि इंग्रजी मुलखातल्याही काही कुटुंबांत वारशाने रिव्हॉल्वर आलेली असते. वेबलीची .४५५ बोअरची मार्क सहा ही १९१५ ची रचना त्यांतली नामांकित. तिच्या अंगावरचा निळसर-काळा रंग हा रंग नव्हेच. पोलादावर मुद्दाम पातळ गंज आणवून, उकळत्या पाण्यात घालून त्याचा काळा ऑक्साइड करायचा आणि घासून पुन्हा तेच, अशी एक जुनी पद्धत आहे. आपल्या पात्यावरच्या काळ्या थराचाच हा घडवून आणलेला भाऊ. पॉलिश करून नवा निळा रंग चढवला की हत्यार नवे दिसते, पण कारखान्याचे शिक्के आणि आकडे पुसट होतात, कडा गोल होतात, आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमत घटते.

मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एका स्क्रूने जोडलेल्या असतात. अक्रोडाचे लाकूड किंवा व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. व्हल्कनाइट जुने झाले की प्रकाशात तपकिरी पडते आणि त्यातून गंधकाची आम्ले सुटतात, त्यामुळे पट्टीच्या आतल्या बाजूचे पोलाद गंजते. म्हणून पट्टी अधूनमधून काढून आत पाहावी, पण स्क्रूच्या खाचेत अचूक बसणाऱ्या पेचकसानेच. सैल पेचकस घसरला की खाच फाटते आणि ती फाटलेली खाच पुढे कोणत्याही जाणकाराच्या नजरेत भरते. नव्या पट्ट्या घ्यायच्या तर त्याच चौकटीच्या मापाच्या घ्याव्यात आणि मूळ पट्ट्या जपून ठेवाव्यात. हस्तिदंताच्या पट्ट्यांच्या नादी लागू नये, त्याचा व्यापार देशात बंद आहे.

यापलीकडे रिव्हॉल्वरला घरी हात लावायचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर वारशाने आलेली धरूनही एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या हत्याराला याच कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे, पण ते हत्यार तसे आहे की नाही याचा निवाडा मालकाने स्वतः करायचा नसतो. लांब पात्याची तलवारही शस्त्रांच्या यादीत मोडते. शंका असेल तर पेडगावकरांनी परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून कागद सरळ करून घ्यावेत. सोबत १९७२ चा पुरावस्तू कायदाही लक्षात ठेवावा. शंभर वर्षांहून जुनी तलवार खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही.

पात्याची किंवा मुठीची अडचण घरच्या हाताबाहेरची असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचे केंद्र आहे, आणि लखनऊची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा १९७६ पासून हेच काम करते. विचारायला जाताना तलवारीचे पुसण्याआधीचे फोटो न्यावेत: पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ, मुठीचा सांधा आणि मुठीच्या आतली कमान.